उच्चारावरून डावललं. तक्रार करू का?

एडिसनकर
न्यू जर्सीत हे अकरावं वर्ष. कंपनीने काढून दिलेल्या एच-१बी व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाची रांग सरकायचं नाव घेत नाही.

मागच्या गुरुवारची गोष्ट. चार महिने खपून केलेलं काम क्लायंटला दाखवायचं होतं. कॉलच्या दहा मिनिटं आधी मॅनेजर म्हणतो, "स्लाइड तू बदल, बोलेल तो." तो म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी टीममध्ये आलेला गोरा मुलगा. का, विचारलं तर म्हणे, "तुझं इंग्लिश ऐकताना सबटायटल लागतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच जास्त झोंबतंय.

क्लायंटने अवघड काही विचारलं की पोरगा म्यूट करून माझ्याकडे बघायचा. मी सांगायचो, मग म्यूट काढून तो तेच बोलायचा. पाऊण तास हा बाहुल्यांचा खेळ.

ऑफिसातले आपले लोक म्हणतात, सोड रे, व्हिसा त्यांच्या हातात आहे. बायको म्हणते, लेखी दे. तुम्ही काय केलं असतं?

कलम_बहाद्दर
आधी तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, सगळं लिहून ठेव. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको.

१९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टमधलं टायटल सेव्हन मूळ देशावरून भेदभाव करू देत नाही, उच्चारही त्यातच येतो. उच्चारामुळे काम खरोखर अडत असेल तरच कंपनीला तो मुद्दा काढता येतो. इथे तर उत्तरं तुझीच होती! ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, जायला एरवी १८० दिवस, न्यू जर्सीत राज्याचाही कायदा असल्याने ३००. एच-१बीवाल्यालाही हे लागू आहे, आणि तक्रारीचा सूड घेणं बेकायदा.

हे झालं कागदावरचं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस हातात असतात, तेव्हा वकिलाला एकदा भेटल्याशिवाय उडी मारू नकोस.

सुमनमावशी
आम्ही तेव्हा जर्सी सिटीत राहायचो. १९८७ च्या उन्हाळ्यात 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्यांनी पेपरला पत्र धाडलं, भारतीयांना इथून घालवणार म्हणून. डॉट म्हणजे आपली टिकली. मी ती पर्समधल्या आरशाच्या पाठीला चिकटवून न्यायचे. कामावर पोचले की कपाळावर, निघताना परत आरशावर. चार दिवसांत गोंद जायचा. सप्टेंबरात हॉबोकेनला नवरोझ मोदी या तरुणाला इतकं मारलं की तो गेला. पारशी होता तो, त्याला कुठली टिकली!

'सोड रे' म्हणणारे आपल्यात तेव्हाही होतेच. सुनेचं ऐक, लेखी दे.

आडवा_प्रश्न
सहानुभूती आहेच, पण एक विचारतो. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला भारताला वर्षाला १०० माणसांचा कोटा होता. तो मोडला १९६५ च्या कायद्याने, आणि नागरी हक्कांची चळवळ नसती तर तो कायदा होणं अवघड होतं. त्या चळवळीत लाठ्या खाल्ल्या काळ्या लोकांनी. आणि आपण घर बघताना एजंटला हळूच विचारतो, "तिकडे 'ते' लोक फार नाहीत ना?" एडिसनकर, तुम्ही नाही विचारलंत कधी?

एडिसनकर
विचारलंय. २०१९ साली, याच घराच्या वेळी. आणि आडव्या, तुमचा प्रश्न वाचून रात्री आणखी एक आठवलं. लेकीची एक काळी मैत्रीण राहायला येणार होती. मी विचारलं, "तिचे बाबा काय करतात?" लेक म्हणाली, "बाकीच्यांच्या बाबांचं कधी विचारलं नाहीस." मी विषय बदलला. दहा वर्षांची आहे ती. सबटायटलवर मी हसलो तसंच काहीसं हसून.

काल वकिलाशी बोललो. मग मॅनेजरला साडेतीन ओळींचा मेल टाकला: गुरुवारी तू काय म्हणालास, कोणासमोर, आणि पुढच्या डेमोला माझं काम मीच मांडणार. एचआरला अजून कॉपीत घेतलेलं नाही. मेल दुपारी अडीचला गेलाय, उत्तर नाही.

मावशी, बायकोला तुमचा निरोप सांगितला. ती म्हणते, तो आरसा अजून आहे का?