प्रेअरी डॉग मारायला .223 घेऊ की .22-250?

निफाडचा_नेमबाज
मंडळी, जूनमध्ये मेव्हण्याकडे साउथ डकोटाला रॅपिड सिटीत चाललोय, 6 ते 13, टूरिस्ट व्हिसावर. तो म्हणतो चला दाजी तुम्हाला प्रेअरी डॉग मारायला नेतो. नावात डॉग आहे पण कुत्रा नाही हो, खारीच्या जातीतलं आपल्या घुशीएवढं जनावर, माळावर बिळं करून शेकड्याने राहतं. त्याच्याकडे .17 एचएमआर, .223 आणि .22-250 (ही काडतुसांची नावं) अशा तीन रायफली आहेत. मी नाशकात क्लबवर 10 मीटर एअर रायफलवाला, .22 दोनचार वेळा हाताळली तेवढीच. कुठली मागू आणि काडतुसं किती लागतील?

देवळालीकर_काका
.223 घे, डोळे झाकून. (नेम धरताना उघड!) 55 ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला 3200 फुटांच्या आसपास सुटते, धक्का कमी, काडतूस स्वस्त. .22-250 त्याच गोळीला 3600 च्या वर नेते, लांबच्या नेमाला भारीच, पण दारू जास्त जळते म्हणून बॅरल पटकन तापते आणि घसाही (बॅरलचा गोळी शिरते तो भाग) लवकर झिजतो. तिथे दिवसाला दोनशे-तीनशे गोळ्या सहज उडतात. बॅरलला हात लाव, तीन सेकंद ठेवता आला नाही तर रायफल बाजूला ठेव आणि दुसरी उचल, म्हणून दोन न्यायच्या. .17 एचएमआर दीडशे यार्डांच्या आत गोड चालते, त्यापुढे वारा तिला खातो. ताशी 10 मैलांचा आडवा वारा असला तर 200 यार्डांवर ती फुटाहून जास्त सरकते, .223 चारेक इंच. आणि तो सगळा उघडा माळ, वारा थांबतच नाही. गोळी प्लॅस्टिक टोकाची, आदळली की फुटणारी घे, मिलिटरी टाइप फुल जॅकेट (पूर्ण धातूच्या कवचाची) नको, ती दगडावरून उसळून कुठेही जाते.

कॉलेजरोड_टू_डेन्व्हर
काकांचं बरोबर, पण भो आधी कायदा बघ. टूरिस्ट व्हिसावर अमेरिकेत बंदूक हातात धरणंच मुळात गुन्हा आहे, त्यातून सुटायचा सरळ रस्ता म्हणजे तिथल्या राज्याचं हंटिंग लायसन्स, ते आधी ऑनलाइन काढ आणि खिशात ठेव, मेव्हणा म्हणेल चालतं रे, ऐकू नको. दुसरं, साउथ डकोटात सरकारी जमिनीवर 1 मार्च ते 14 जून बंद असतं, म्हणजे तुझे दिवस नेमके त्यात. खाजगी रँचवर (गुरं पाळतात त्या कुरणावर) मालकाला विचारून जायचं. तिथल्याच कोनाटा बेसिन भागाकडे तर फिरकूच नको, तिथे काळ्या पायाचे फेरेट (मुंगसासारखा दिसणारा दुर्मिळ प्राणी) परत सोडलेत, ते या प्रेअरी डॉगवरच जगतात. मेलेल्याला हात लावायचा नाही, पिसवांमुळे प्लेग असतो.

पिंपळगाव_द्राक्षे
एवढं लांब कशाला? माझ्या बागेत घुशींनी ड्रिपच्या नळ्या कुरतडल्यात, या की! बाकी खायचं नाही, काही नाही, आणि दिवसाला तीनशे गोळ्या उडवायच्या, मला नाही पटत राव. तो प्रेअरी डॉग ढेकळावर दोन पायांवर उभा राहून पुढचे पाय छातीशी धरतो, फोटोत बघितलं, बायको म्हणाली हा तर आपल्या बंड्यासारखाच उभा राहतो.

निफाडचा_नेमबाज
बंड्या 😂 पटतंय थोडं. पण रँचवाले म्हणतात गवत खातात, बिळात जनावरांचे पाय अडकतात. काका, .223 नक्की. तारखा हलतायत का बघतो, नाहीतर मेव्हण्याला रँचवाला शोधायला लावतो.

देवळालीकर_काका
एक राहिलं. येताना जॅकेटचे, बॅगेचे सगळे खिसे उलटे करून झटक. हौसेने एखादं जिवंत काडतूस राहिलं तर मुंबईत एअरपोर्टवर आर्म्स ॲक्टची केस, रिकामी पुंगळीसुद्धा आणू नको. आमच्या ओळखीतल्याची फ्लाइट सुटली होती, जुन्या पँटच्या घडीत एकच निघालं.

निफाडचा_नेमबाज
बापरे. बायकोला सांगतो, पॅकिंग तीच करते.