मंक क्लास: स्टन काढल्याशिवाय तोल येणार नाही

आडदांड (धागाकर्ता)

मंकचा (मुख्यतः ठोशांनी लढणाऱ्या क्लासचा, म्हणजे पात्रप्रकाराचा) विषय निघाला की दोनच तक्रारी ऐकू येतात. एक म्हणतो लेचापेचा आहे, दुसरा म्हणतो खेळच मोडून टाकतो. दोघेही बरोबर आहेत आणि दोघांच्या दुखण्याचं मूळ एकच आहे. ठोशाचा फासा डी६ (सहा बाजूंचा) ठेवा नाहीतर डी८, त्याने विशेष काही होत नाही. स्टन (फटक्याने शत्रूला सुन्न करून त्याची पाळी घालवणं) काढा.

डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावरचा फाशांचा खेळ) पाचव्या आवृत्तीतला २०१४चा मंक घेऊ, कारण बरेच व्हिडिओ गेम तिथूनच उचलतात. पाचव्या लेव्हलला ५ की पॉइंट मिळतात (खास चालींचं चलन, विश्रांती घेतली की परत भरतं). फ्लरी (टर्नमधल्या जादा छोट्या चालीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये एकाऐवजी दोन ठोसे), डॉज, डॅश आणि स्टनिंग स्ट्राइक, सगळ्यांचा खर्च याच गल्ल्यातून. डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, विस्डम (शहाणपण) १६ धरा आणि समोर आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५. शंभरातले ६५ वार लागतात. की न वापरता काठीचे दोन वार आणि एक ठोसा मिळून सरासरी १५.९ डॅमेज, फ्लरी घेतली तर २०.८. म्हणजे एका कीची कमाई जेमतेम ५ हिट पॉइंट. तोच की स्टनवर टाकला तर कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +३ असलेला गडी डीसी १४ (बचावाच्या फाशाने गाठायचा आकडा) पुढे निम्म्या वेळा हरतो, त्याची आख्खी फेरी वाया जाते आणि सगळी पार्टी त्याच्यावर दोन फाशांतला मोठा धरण्याचा अ‍ॅडव्हांटेज घेऊन तुटून पडते. भाव सारखा, मालात जमीन-अस्मानाचा फरक. फ्लरी कोण घेणार?

पुढे बघा. चारांतले तीन वार लागले आणि तिन्हींवर स्टन लावून पाहिला, तर समोरचा गार होण्याची शक्यता ८७.५ टक्के. खर्च ४ की, सगळा एकाच टर्नमध्ये. पुढच्या लढाईत तोच मंक १ की घेऊन काठी फिरवत बसतो.

आपण रचतोय त्या खेळाचा साचा असा: टर्न-बेस्ड, १२ लेव्हल, चौघांची पार्टी, लढाई ३-४ फेऱ्यांची. त्यासाठी माझा आराखडा: स्टन नाही. प्रत्येक शत्रूला ‘तोल’ नावाची पट्टी. साध्या शत्रूला ४, दणकटाला ८, बॉसला १६. मंकचा साधा वार लागला की १ कमी, फ्लरीतला ठोसा लागला की २ कमी. शत्रूची टर्न संपली की २ भरून येतात. पट्टी रिकामी झाली की तो आडवा होतो आणि उठण्यात त्याची अर्धी चाल जाते. अ‍ॅक्शन मात्र त्याच्याकडे राहते. आता फोडा.

---

हिशेबनीस

फोडतो. तुमच्याच आकड्यांनी.

फ्लरीच्या टर्नमध्ये दोन साधे वार आणि दोन ठोसे. ६५ टक्क्यांनी साध्या वारांचे १.३ आणि ठोशांचे २.६, एकूण ३.९. साधा शत्रू बहुतेक वेळा पहिल्या टर्नलाच पडतो, छान. बॉसचं बघा: १६ वरून १२.१, भरपाईने १४.१. मग १०.२, परत १२.२. तिसऱ्या फेरीत ८.३ वरून १०.३. चौथ्याअखेर ६.४. लढाई संपली, बॉस एकदाही पडला नाही, आणि मंकने दर फेरीला की जाळला. दणकट शत्रू तिसऱ्या फेरीत पडतापडता वाचतो, ०.३ शिल्लक राहतात. म्हणजे तुमचा मंक फक्त त्यांनाच पाडतो ज्यांना जादूगाराने एका फायरबॉलमध्ये तसंही राख केलं असतं.

फाशाने फरक पडत नाही हेही चूक. अकराव्या लेव्हलला सगळे वार लागले असं धरा. मोठी तलवार घेतलेला फायटर तीन वारांत ४० (ग्रेट वेपन फायटिंग स्टाइलसह). २०१४चा मंक कीशिवाय २८.५, फ्लरीसह ३८. की जाळूनही तो फायटरच्या फुकटच्या वारांपर्यंत पोचत नाही. २०२४च्या आवृत्तीत त्याच लेव्हलला फासा डी१० झाला, फ्लरीत तीन ठोसे आले आणि आकडा ५२.५ वर गेला. त्याच आवृत्तीत स्टनही टर्नला एकदाच केला, आणि समोरच्याने सेव्ह (बचावाचा फासा) जिंकला तरी त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या वाराला अ‍ॅडव्हांटेज मिळतो. म्हणजे ज्यांनी स्टन दिला त्यांनी तो काढला नाही, त्याला वेसण घातली आणि फासा वाढवला. तुम्ही नेमकं उलटं सांगताय.

---

माठ

स्टन काढला तर मंक कशाला घ्यायचा? अनवाणी फायटर? एकट्याने खेळायचा गेम आहे, खेळाडूला मजा आली की झालं. तोल-बिल पीव्हीपीवाल्यांनी (खेळाडू विरुद्ध खेळाडू) बघावं.

---

आडदांड

@माठ, एकट्याने खेळायचा असला तरी पार्टी चौघांची आहे. एका क्लासच्या हातात ८७ टक्क्यांचा स्टन असला की लढाई रचणारा माणूस त्या हिशेबाने बॉसचे हिट पॉइंट फुगवतो. मग ज्याच्या पार्टीत मंक नाही, तो अर्धा तास पोतं बडवत बसतो. टेबलावर यावर लेजंडरी रेझिस्टन्सचा उतारा काढला: बहुतेक मोठ्या राक्षसांना दिवसाला तीनदा ‘हरलो तरी जिंकलो’. झालं काय, तर मंक एकेक की टाकून ते तीन स्वस्तात संपवतो आणि जादूगाराला रान मोकळं. उताऱ्यालाच उतारा निघाला.

@हिशेबनीस, बॉसच्या पट्टीचं गणित मान्य. भरपाई काढून टाकतो. बॉसला ८ पासून सुरुवात, एकदा पडला की पट्टी १२, मग १६. ३.९ च्या गतीने तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्यांदा पडेल, आणि त्या लढाईत पुन्हा बहुतेक नाही. दणकटालाही भरपाई नाही.

---

तिरकी_चाल

तुम्ही दोघेही ठोसेच मोजताय. मंकची दुसरी निम्मी ओळख म्हणजे वेग, आणि त्याचं तुमच्या आराखड्यात कुठेच काही होत नाही.

ही चूक जुनी आहे. डी अँड डी ३.५ (२००३) मधल्या मंकला अठराव्या लेव्हलला ६० फूट जादा वेग मिळतो, म्हणजे साधा माणूस ३० फूट चालतो तिथे हा ९०. पण फ्लरीला फुल अटॅक (आख्खी पाळी वारांना देणं) लागतो, आणि फुल अटॅक घेतला की पाच फुटांच्या एका पावलापलीकडे हलता येत नाही. पळा नाहीतर मारा. आकडे दोन्हीकडे वाढत गेले आणि कधी एकत्र आलेच नाहीत. पाचव्या आवृत्तीने ती गाठ सोडवली, पण वेग म्हणजे ‘तिथे लवकर पोचणं’ एवढंच राहिलं. जिथे दोन फेऱ्यांत सगळे एकमेकांना भिडलेले असतात त्या नकाशावर जादा वेगाचं काय लोणचं घालायचं?

माझा पर्याय: की काढा, ‘ओघ’ ठेवा. लढाई सुरू होताना २, कमाल ६. किमान ३ घरं चालून वार लागला तर +१. आधीच्या वारापेक्षा वेगळ्या शत्रूला वार लागला तर +१. फ्लरीला २, स्टनला ५. म्हणजे स्टन राहतो, पण तो पहिल्या फेरीत सहसा मिळत नाही आणि जागेवर उभं राहून एकालाच मारत बसलं तर कधीच मिळत नाही. विश्रांतीशी संबंधच नाही, त्यामुळे पहिल्या लढाईत सिंह आणि तिसरीत शेळी हा प्रकारही संपला.

---

हिशेबनीस

कल्पना चांगली, तीन भोकं आहेत.

१) उंदीर. बॉसच्या दारात एक किरकोळ उंदीर जिवंत ठेवायचा, त्याच्याभोवती पळत ओघ ६ करायचा आणि मग आत शिरायचं. साठवता येणारं काहीही खेळाडू आधी साठवून आणतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. लढाई संपली की ओघ परत २ वर आलाच पाहिजे, आणि फार खालच्या लेव्हलच्या शत्रूवर ओघ मिळता कामा नये.

२) एकटा बॉस. ‘वेगळा शत्रू’ ही अर्धी कमाई तिथे बंद. मग मंक तीन घरं मागे, तीन घरं पुढे अशी कवायत करत राहणार, आणि मागे सरकताना दर वेळी फुकटचा वार खाणार. तो वार चुकवायला डिसएंगेज (सुरक्षित माघार) लागतो, डिसएंगेजला बोनस अ‍ॅक्शन, आणि फ्लरीलाही तीच. पुन्हा ३.५ चीच गाठ, नुसता दोरा बदललाय.

३) बॉस काही काळ गायब होतो, उडतो, पडद्याआड जातो. फायनल फँटसी १४ च्या मंकने हे भोगलंय. ग्रीस्ड लाइटनिंगचे (वेग वाढवणाऱ्या बळाचे) थर ठोसे मारून चढवायचे, आणि बॉसला हात लावता येत नाही अशा वेळी घड्याळ चालूच. खेळाडूची चूक नसताना थर उतरायचे. पॅच ५.४ मध्ये तो थर कायमचा करून टाकला, म्हणजे मेकॅनिकच काढून टाकला म्हणा. तुमचा ओघ वेळेनुसार उतरत नाही हे चांगलं, पण बॉस अदृश्य असताना तो वाढतही नाही.

---

पुणेरी_ऑर्क

गंमत वाटते. चौघे मिळून ठोशाचं सोनं तोलताय आणि तिजोरीचं दार सताड उघडं आहे. संगणकावरच्या खेळात मंक बिघडतो तो फीट (लेव्हल चढताना निवडायचं खास कौशल्य) आणि बाटल्यांमुळे.

बाल्डर्स गेट ३ (२०२३) घ्या. ओपन हँड मंक, सहावी लेव्हल, डेक्स्टेरिटी १८: प्रत्येक ठोसा ३.५ + ४, वर मॅनिफेस्टेशनचे (ओपन हँडच्या जादा डॅमेजचे) ५.५, म्हणजे १३. चार वार, ६५ टक्के, सरासरी ३३.८. आता त्याच मंकला चौथ्या लेव्हलला टॅव्हर्न ब्रॉलर फीट द्या. हे फीट स्ट्रेंग्थचा मॉडिफायर (ताकदीमुळे मिळणारी भर) वाराला आणि डॅमेजला पुन्हा एकदा जोडतं. वर हिल जायंटचं इलिक्सर पाजा, स्ट्रेंग्थ थेट २१. वाराला ३+५+५, म्हणजे आर्मर क्लास १५ पुढे फाशावर फक्त १ चुकतो. ठोसा १९. चार वारांचे ७२.२. एक फीट, एक बाटली, डॅमेज दुपटीच्या वर. पुढे थीफच्या तीन लेव्हल घेतल्या की दुसरी बोनस अ‍ॅक्शन, म्हणजे टर्नला सहा वार. ती बाटली पहिल्या अंकातच आँटी एथेल या विक्रेतीकडे विकत मिळते आणि लाँग रेस्टपर्यंत टिकते.

यात बिघाड दोन जागी. पहिला, एकच मॉडिफायर दोनदा जोडणं. जो क्लास टर्नला चार-सहा वेळा मारतो त्याला ‘प्रत्येक वाराला +५’ म्हणजे दोन वार करणाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट लाभ. दुसरा, स्ट्रेंग्थ ‘वाढवणारी’ नाही तर ‘ठरवून टाकणारी’ बाटली. त्यामुळे कॅरेक्टर बनवताना स्ट्रेंग्थ ८ ठेवली तरी काही बिघडत नाही, सगळे गुण डेक्स्टेरिटी आणि विस्डममध्ये. मंकवर जी बंधनं म्हणून लादली होती ती बाटलीत विरघळली.

आपल्या खेळात नियम करा: नि:शस्त्र वाराला बाहेरून मिळणारं जादा डॅमेज टर्नला एकदाच, पहिल्या लागलेल्या वारावर. आणि बाटलीने +२ मिळेल, थेट आकडा मिळणार नाही.

विश्रांतीचंही तेच. बाल्डर्स गेटमध्ये लाँग रेस्टला ४० रसद लागते, टॅक्टिशियन या कठीण पातळीवर ८०, आणि रसद तर पोत्यांनी सापडते. कीची टंचाई हे मंकचं वजन मानून तोललं आणि टंचाई झालीच नाही, तर तराजूचं एक पारडं हवेतच.

---

माठ

ऑर्कशी पहिल्यांदाच सहमत. पण ‘पहिल्या वारावरच’ केलं तर मंकला लूटमध्ये काय मिळणार? फायटरला +३ तलवार सापडते तेव्हा मंक रिकाम्या हातांकडे बघत बसतो.

---

पुणेरी_ऑर्क

रास्त प्रश्न. मंकसाठी हाताच्या पट्ट्या ठेवा, पण त्या ‘किती जोरात’ऐवजी ‘काय होतं’ ते बदलतील: ठोशाने शत्रू एक घर मागे ढकलला जातो, तोल १ ऐवजी २ जातो, वार चुकला तरी ओघ मिळतो. पट्टीवर अधिक चिन्ह दिसलं की समजायचं डिझायनर थकलाय.

---

तिरकी_चाल

बचावावर कुणी बोललंच नाही. वरच्याच मंकला कॉन्स्टिट्यूशन १४ दिलं तर पाचव्या लेव्हलला आर्मर क्लास १७, हिट पॉइंट ३८. प्लेट घातलेला फायटर १८ आणि ४४. आकड्यांत फरक थोडाच, पण मंकला शत्रूंच्या गराड्यात घुसायला आपणच सांगतोय. त्याला ढाल नव्हे, उधारी द्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या ब्रूमास्टरकडे (मंकचाच एक प्रकार, २०१२पासून) स्टॅगर आहे: लागलेल्या माराचा एक भाग लगेच न लागता १० सेकंदांत थोडाथोडा लागतो, आणि प्युरिफाइंग ब्रू प्यायलं की साठलेल्यातला काही पुसला जातो.

टर्नमध्ये असं: १६ चा मार लागला तर ८ आत्ता, ४ पुढच्या टर्नच्या सुरुवातीला, ४ त्याच्या पुढच्या. ‘श्वास’ ही बोनस अ‍ॅक्शन, उरलेली उधारी माफ. फ्लरीही बोनस अ‍ॅक्शनच. दर टर्नला मारायचं की फेडायचं, हा खरा निर्णय झाला.

---

हिशेबनीस

हे आवडलं. करताना तीन ठिकाणी अडकाल, आत्ताच लिहून ठेवा. लढाई संपली की उधारी शून्य, नाहीतर विजयाचा पडदा पडल्यावर मंक मरतो. हिट पॉइंटच्या पट्टीवर उधारीचा भाग वेगळ्या रंगात दिसलाच पाहिजे, नाहीतर ‘२० होते, मेला कसा’ या बगच्या तक्रारी येतील. आणि शत्रूचा एआय सर्वांत कमी हिट पॉइंटवाल्याला शोधत असेल तर त्याने उधारी वजा करून मोजायची की नाही ते ठरवा. वजा केली तर सगळे मंकवर तुटून पडतील. मी म्हणेन करूच नका.

---

आडदांड

बरंच गिळावं लागलं. सुधारित: ओघ २ ने सुरू, कमाल ६, लढाईगणिक परत २. एकट्या बॉसपुढे मंकने बाजू बदलली (समोरून बगलेत, बगलेतून पाठीमागे) की +१, आणि वार लागलेल्या शत्रूजवळून सरकताना फुकटचा वार नाही. उधारी ठेवली. जादा डॅमेज टर्नला एकदाच. फासा डी६, पाचव्या लेव्हलला डी८, दहाव्याला डी१०.

स्टन मात्र नाहीच. तोलाची पट्टी राहील, पट्टी संपली की शत्रू आडवा.

---

तिरकी_चाल

आडवा? पाचव्या आवृत्तीच्या नियमाने आडव्या शत्रूवर जवळून मारणाऱ्याला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, आणि लांबून बाण मारणाऱ्याला डिसअ‍ॅडव्हांटेज. चौघांच्या पार्टीत एक तिरंदाज असतोच. मंकने मेहनत करून बॉस पाडायचा, आणि उठेपर्यंत तिरंदाजाने शिव्या घालत बसायचं?

---

आडदांड

…‘आडवा’ खोडून ‘डगमगला’ लिहितो. पुढच्या दोन वारांना अ‍ॅडव्हांटेज, कुणाचेही असोत, जवळचे नाहीतर लांबचे.

---

माठ

म्हणजे अर्धा स्टन.