मेसेज कुणाच्या फोनवर जातो ते आधी बघा

लाईट जाणार असल्याची सूचना देणारं महावितरणचं ॲप शहरातल्यांपुरतंच, गावाकडच्या वयस्कर माणसांना त्याचा काय उपयोग, असं काही जण म्हणतात. ॲपपुरतं पटतं. पण एसएमएसला स्मार्टफोन लागत नाही. आमचं घर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, आईकडे बटणांचा फोन. लाईट जाणार असल्याचा मेसेज तिला कधीच यायचा नाही. दिवाळीत गेलो तेव्हा बघितलं, तर 12 अंकी ग्राहक क्रमांकाला पुण्यातल्या भावाचा नंबर जोडलेला. सगळे मेसेज तिकडे! नंबर बदलून घेतला. आता दुरुस्तीसाठी लाईट बंद राहणार असली की आई आधीच टाकी भरते, दळण उरकून घेते.

नदीकाठच्यांनी तर हे आजच तपासा. 2019 च्या महापुरात आम्ही बघितलंय, पाणी डीपीपर्यंत (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) चढायला लागलं की लाईन बंदच करावी लागते. ते तासभर आधी कळलं तरी फोन चार्ज होतात, प्यायचं पाणी भरून होतं.