'प्युरिटन'ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरवाली: अमेरिकेच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत करतेय. 'प्युरिटन' म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले, इंग्लंडच्या चर्चमधून पोपच्या वळणाच्या प्रथा काढून टाकू पाहणारे ख्रिस्ती. त्यासाठी 'कर्मठ' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून 'शुद्धिवादी' केलं. शुद्धिवादी म्हटलं की मला सावरकरांची भाषाशुद्धीच आठवते. काय ठेवू?

तिरकस: 'कर्मठ' चूकच. कर्मकांडाला चिकटतो तो कर्मठ. यांना नेमकं तेच नको होतं. प्रभुभोजनाला (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) गुडघे टेकणं, पाद्र्याचा पांढरा झगा, लग्नातली अंगठी, सगळं पोपचं उष्टं! मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून नाताळ साजरा केला तर ५ शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला. सण केला म्हणून दंड घेणारे कसले कर्मठ?

लेखणीबहाद्दर: मग 'सोवळे' म्हणा. लगेच कळतं.

तिरकस: सोवळं आलं की विटाळ आला. तो यांच्यात कुठे होता?

पेठकरी: आधी 'प्रोटेस्टंट'चं बघा. प्रोटेस्ट म्हणजे निषेध, म्हणून 'निषेधपंथी'. छान मराठी शब्द आहे, पण वापरणार कोण!

जुना नगरी: वापरू नयेच. १५२९ साली जर्मनीत श्पायरच्या सभेत धर्मसुधारक ल्यूथरच्या विरोधात ठराव झाला, तेव्हा ६ संस्थानिक आणि १४ शहरांनी लेखी हरकत नोंदवली, त्यावरून हे नाव. पण लॅटिन मुळात अर्थ आहे जाहीर साक्ष देणं. आमच्या उपासनेत 'साक्ष देणे' नेहमीचंच.

पेठकरी: हरकत म्हणजे निषेधच की हो.

भाषांतरवाली: माझा प्रश्न प्युरिटनचा होता! त्यात आणखी घोळ. १६२० चे मेफ्लॉवर जहाजवाले इंग्लंडच्या चर्चशी फारकत घेऊन, हॉलंडात लायडनला राहून अमेरिकेत आलेले. १६३० चे बोस्टनवाले चर्च न सोडता ते आतून साफ करू म्हणणारे. दोघांना एकच शब्द?

जुना नगरी: दोघांत सामाईक काय, तर 'मंडळी'. गावची मंडळी आपला पाळक (पाद्री) आपणच निवडणार, वर बिशप नको. याच परंपरेतले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. नगरकडे चर्चला आम्ही मंडळीच म्हणतो.

तिरकस: आमच्या वडिलांच्या तोंडी मंडळी म्हणजे आई. "मंडळी माहेरी गेलीत."

लेखणीबहाद्दर: बरोबर, 'गेलीत'. मंडळी कायम अनेकवचनी.

जुना नगरी: अजिबात नाही. मराठी बायबलात प्रकटीकरण उघडा, 'सात मंडळ्या' सापडतील. म्हणजे एकवचन आलंच.

लेखणीबहाद्दर: 'मंडळ्या' ही मिशनऱ्यांची मराठी.

जुना नगरी: आणि आम्ही दोनशे वर्षं बोलतोय ती कुणाची?