‘डोपामाइनमुळे होतं’ : हे उत्तर की उत्तराची टाळाटाळ?

कोरी_पाटी

मोबाइल हातातून सुटत नाही? डोपामाइन. माणूस तापट आहे? जीन्स, म्हणजे जनुकं. परीक्षेच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही? कॉर्टिसॉल, ताणाचं संप्रेरक. हल्ली कुठल्याही वागण्याचं कारण विचारा, समोरचा एका रसायनाचं किंवा जनुकांचं नाव फेकतो आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की यातून काहीच उलगडत नाही.

वागणं मेंदूतूनच येतं हे मला मान्य आहे. मेंदूबाहेर बसून कुणी दोऱ्या ओढतंय असं मी मानत नाही. पण मग ‘हे मेंदूमुळे झालं’ हे वाक्य प्रत्येक वागण्याला लागू पडतं. जे सगळ्यालाच लागू, ते एकाचं कारण कसं?

याहून जास्त चीड पुढच्या उडीची येते. मेंदूत दिसलं म्हणजे जन्मजात, आणि जन्मजात म्हणजे न बदलणारं. लंडनच्या टॅक्सीचालकांचं उदाहरण घ्या, ज्यांना परवान्यासाठी शहरातले रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. 2000 साली मेंदू-संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांच्या गटाला या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (जागा-रस्ते लक्षात ठेवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. लगेच शंका येते की असा मेंदू घेऊन जन्मलेलेच या धंद्यात टिकत असतील. म्हणून पुढे 79 उमेदवारांना रस्ते पाठ करायला लागण्याआधी तपासलं आणि काही वर्षांनी पुन्हा तपासलं. सुरुवातीला फरक नव्हता. नंतर वाढ दिसली ती परीक्षा पास झालेल्या 39 जणांतच. नापास झालेल्यांत नाही. आता सांगा, इथे कारण मेंदू की वागणं?

लोहचुंबक

असहमत. ‘डोपामाइन’ म्हणून जांभई देणारे लोक आळशी असतील, त्याचं खापर जीवशास्त्रावर नको.

पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) काही रुग्णांना डोपामाइनसारखं काम करणाऱ्या गोळ्या देतात. त्यातले काही जण अचानक जुगार खेळायला लागतात, ज्यांनी आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता असेसुद्धा. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुतेकांचं ते वेड ओसरतं. यात बालपण, संस्कार, दबलेल्या इच्छा यांपैकी काय बदललं? काहीच नाही. बदलली ती गोळी. हे स्पष्टीकरण नसेल तर स्पष्टीकरण म्हणजे काय ते एकदा सांगा.

शून्य_गुण

वाचतोय. एक बाळबोध शंका : ‘हा गुण 50 टक्के आनुवंशिक’ असं छापून येतं, म्हणजे माझा निम्मा तापटपणा वडिलांचा आणि निम्मा माझी कमाई का?

पानगळ

@शून्य_गुण, नाही. तो आकडा एका माणसाबद्दल नसतोच. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांचं काम आहे. पण लोकांच्या बोटांच्या संख्येत जो फरक पडतो तो बहुतेक अपघातांमुळे. त्यामुळे बोटांच्या संख्येची आनुवंशिकता जवळजवळ शून्य निघते! आकडा शून्य आणि जनुकं मात्र अपरिहार्य.

उलट टोकाला फिनाइलकीटोन्युरिया. 1934 साली नॉर्वेच्या फोलिंग यांनी शोधलेला हा आजार एका जनुकातल्या बिघाडाने होतो आणि उपचार न झाल्यास मुलाची बौद्धिक वाढ गंभीरपणे खुंटते. उपाय काय, तर जन्मल्यावर लवकर निदान करून फिनाइलअॅलनिन (प्रथिनांतला एक घटक) अगदी कमी असलेला आहार. दोष जनुकात, इलाज ताटात. जनुक आणि परिस्थिती यांची टक्केवारी इथे कशी लावणार?

तिरपागडा

अजून फिनियस गेज, तो अमेरिकन रेल्वे कामगार, आला नाही धाग्यावर? 1848, गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडलेली लोखंडी पहार, ‘माणूसच बदलला’ वगैरे. आलाच तर हेही सांगा की नंतर तो चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकण्याची नोकरी करत होता. पूर्ण वाया गेलेल्या माणसाला ते जमत नाही.

अवांतर : 2009 साली काही संशोधकांनी एका सॅमन माशाला एमआरआय यंत्रात ठेवून माणसांचे फोटो दाखवले. मेंदूत ‘हालचाल’ दिसली. मासा मेलेला होता. मेंदूच्या चित्रातले हजारो ठिपके एकदम तपासले आणि आकडेवारीत त्याची भरपाई केली नाही, की काही ठिपके योगायोगाने पेटतातच, हे त्यांना दाखवायचं होतं. रंगीत मेंदूचं चित्र पाहून हुरळणाऱ्यांनी हलके घ्या.

कोरी_पाटी

@लोहचुंबक, उदाहरण चांगलं आहे. पण तीच गोळी घेणारे बहुतेक रुग्ण जुगारी होत नाहीत. ज्यांचा आजार कमी वयात सुरू झाला किंवा ज्यांचा स्वभाव मुळातच नव्याच्या मागे धावणारा, त्यांना धोका जास्त. शिवाय गोळी फक्त ओढ वाढवते. ती जुगाराकडे वळेल, खरेदीकडे की खाण्याकडे, हे गोळीवर लिहिलेलं नसतं. हा उरलेला भाग तुम्ही कुठे बसवता?

लोहचुंबक

मेंदूतच. स्वभावसुद्धा चेतापेशींच्या जोडण्यांतच साठलेला असतो ना? आज तो वाचता येत नाही, म्हणून तात्पुरतं ‘स्वभाव’ म्हणायचं.

पानगळ

तुम्ही दोघं एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांवर भांडताय असं तुम्हाला वाटतंय. प्रश्नच वेगवेगळे आहेत. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी 1963 साली ते चार भागांत मांडले होते. त्यांचंच उदाहरण देते. पिल्लू बाहेर आलं की काळ्या डोक्याचा कुरव पक्षी रिकामं कवच चोचीत धरून घरट्यापासून दूर टाकतो. का? एक उत्तर : कवच दिसलं की त्याच्या मज्जासंस्थेत काय घडतं. दुसरं : ही सवय त्या पक्ष्याच्या आयुष्यात कशी घडत गेली. तिसरं : फायदा काय. टिनबर्गन यांनी अंड्यांजवळ फुटकी कवचं मुद्दाम ठेवून पाहिलं, तर कावळ्यांना ती अंडी जास्त सापडली, कारण कवचाची आतली पांढरी बाजू दुरून दिसते. चौथं : हे पूर्वजांकडून कसं आलं. चारही एकाच वेळी खरी असू शकतात. मज्जातंतूंचा कितीही बारीक नकाशा काढा, त्यात कावळा दिसणार नाही.

तिरपागडा

तिसरं उत्तर मला नेहमी खुपतं. ‘फायदा होता म्हणून टिकलं’ असं कशाबद्दलही घरबसल्या रचता येतं. आदिमानव असा राहायचा म्हणून पुरुष असे आणि बायका तशा, हे त्यातलंच.

पानगळ

माणसांबद्दल बऱ्याचदा खरं आहे, म्हणूनच मी कुरव घेतला. किटीवेक हा त्याचाच नातलग कड्याच्या अरुंद कपारीत घरटं करतो. तिथे शिकारी सहज पोचत नाहीत आणि तो कवचं टाकत नाही. अशी तुलना हाताशी असेल तर फायद्याची गोष्ट तपासता येते, नसेल तर ती गोष्टच राहते.

लोहचुंबक

कावळ्याचं पटलं. पण रुग्ण समोर बसलेला असताना मला चारही उत्तरं नको असतात. जुगारात घर गेलेल्या माणसाला उत्क्रांती सांगून काय करू? डोस कमी करता येतो, म्हणून तेच उत्तर मोठं.

कोरी_पाटी

ते उत्तर उपयोगी, हे मान्य. मोठं का, हे अजून सांगितलं नाहीत. आणि जो माणूस कुठलीही गोळी न घेता जुगार खेळतो, त्याचा कुठला डोस कमी करणार?