हिदाकासरांसारखा क्लास लावावा का? ('ब्लँक कॅनव्हास' वाचून पडलेला प्रश्न)

टूलरूम_सातपूर

नमस्कार मंडळी. मी चित्रकलेतला नाही. नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागात. मुलगी बारावीला, बीएफए म्हणजे चित्रकलेची पदवी करायचं म्हणते. घरात रोज तोच विषय आणि तीच तणतण, म्हणून शेवटी तिने माझ्यासमोर पाच पुस्तकं आणून ठेवली. "बाबा, आधी हे वाचा, मग बोलू." जपानी मंगा, म्हणजे चित्रकथा. अकिको हिगाशिमुरा नावाच्या बाईंचा, इंग्रजीत 'ब्लँक कॅनव्हास' नावाने आलेला. उलट्या बाजूने वाचायचा. सेकंड शिफ्टहून आल्यावर रात्री जेवता जेवता वाचला. बायको म्हणाली, आधी ताटाकडे बघा.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: बाईंनी बरीचशी स्वतःचीच गोष्ट लिहिलीय. जपानच्या दक्षिणेला मियाझाकी, तिथली शाळकरी पोरगी. चित्र बरं काढते म्हणून सगळे डोक्यावर घेतात आणि ही हवेत. मनात मात्र मंगाकार व्हायचं. मग एका क्लासला जाते. तिथे हिदाकासर. अंगात ट्रॅकसूट, हातात बांबूची तलवार, तोंडात एकच, "काढ!" पहिल्याच दिवशी तिच्या चित्राची पार लाज काढतात. ती पोटात दुखतंय अशी थाप मारून सटकायला बघते, तर हा माणूस तिला पाठुंगळी घेऊन बसस्टॉपवर सोडायला निघतो. मला सर तिथेच आवडून गेले.

आता प्रश्न. मुलीने पंचवटीत एक क्लास पाहून ठेवलाय. तिथले सर चित्र पसंत पडलं नाही की सगळ्यांसमोर कागद फाडतात. क्लासचं नाव घेत नाही, उगाच कशाला. मुलीचं म्हणणं, "हिदाकासर पण तसेच होते की!" मला काही हे पटेना. आमच्याकडे अप्रेंटिसचा जॉब, म्हणजे त्याने बनवलेला भाग, रिजेक्ट झाला तर मी तो भंगारात भिरकावत नाही. मायक्रोमीटर त्याच्याच हातात देतो, कुठे गेलं ते तूच मोज म्हणतो. पण ते लोखंड झालं. चित्रात धाकाशिवाय हात बसतच नाही का?

परवा ती पितळी तांब्या काढत बसली होती. तोंडाचा लंबगोल झकास, आणि बूड चक्क सरळ रेघेत. मी म्हटलं, तू वरून बघतेयस ना, मग बुडाचा गोल तोंडाच्या गोलापेक्षा जास्त उघडा दिसायला पाहिजे. "बाबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं!" पाच मिनिटांनी बघतो तर बूड खोडून गोल केलेलं. म्हणजे न ओरडता सांगूनही कळतं की. जाणकारांनी सांगावं.

मधली_सुट्टी

काका, तुम्ही पाचही भाग वाचले?? आमचे बाबा अजून नारुतोला डोरेमॉन म्हणतात. तुमच्या मुलीला सांगा, नशीबवान आहेस.

माहिती म्हणून: हा मंगा २०१२ ते २०१५ 'कोकोहाना' मासिकात येत होता. २०१५ला मंगा ताइशो पुरस्कार मिळाला. २०२५मध्ये सिनेमाही आला, पटकथेत खुद्द हिगाशिमुरांचाही हात.

आता हे पण वाचायला घ्या. 'आओइ होनोओ', काझुहिको शिमामोटोंचा. हाही अर्धा आत्मचरित्रच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं ओसाकातलं आर्ट कॉलेज. हिरोला वाटतं आपण जन्मजात थोर, फक्त काढायला सुरुवात तेवढी राहिलीय. आणि वर्गात कोण, तर हिदेआकी आन्नो, ज्याने पुढे 'इव्हँजेलियन' ही गाजलेली अ‍ॅनिमे मालिका केली! खऱ्या नावानिशी आहे. त्याचं काम बघून हिरोची जी चरफड होते ना... हसून हसून मेलो. 'ब्लू पिरियड' हा मंगाही भारी आहे, पण ती लेखिकेची स्वतःची गोष्ट नाही. लेखिका टोकियोच्या कला विद्यापीठात शिकलीय, त्यामुळे तिथल्या प्रवेशपरीक्षेचं टेन्शन मात्र अस्सल उतरलंय.

क्लासचं मला काही कळत नाही. मी कॉमर्सवाला.

रेघोटी

टूलरूमदादा, मी नाशिकचीच. बीएफए झालंय, आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तुमचा प्रश्न वाचून राहवेना.

आधी काठीचं. ही गोष्ट सांगणारी बाई चाळिशीला टेकलेली आहे आणि सगळं सरांना उद्देशून बोलतेय. तिच्या मनात सरांबद्दल भरपूर खंत आहे. अशा माणसाला बांबूची तलवारही प्रेमळच आठवणार. म्हणून त्या तलवारीवरून क्लास निवडू नये. हिदाकासर बाकी काय करतात ते मुलीला दाखवा. येईल त्याला बसवून घेतात, दांडी मारली की मागे लागतात, पुन्हा पुन्हा तेच काढायला लावतात आणि स्वतःही काढत राहतात. कागद फाडणाऱ्या सरांमध्ये यातलं काय आहे? नुसतं फाडायला काय, आमच्या मांजरालाही येतं.

क्लासला डेमोला जाल तेव्हा एवढंच बघा: चूक दाखवताना सर मुलाच्या जागेवर बसतात का? वस्तुचित्र ज्या डोळ्याच्या उंचीवरून काढलंय तिथूनच तपासावं लागतं. उभ्या माणसाला तुमच्या तांब्याचा गोल वेगळाच दिसणार. जे उभ्याउभ्या कागदावर रेघा ओढून पुढे जातात, त्यांच्याकडे मी तरी मुलगी पाठवणार नाही.

पण माझ्या मते या मंगात तुम्ही दोघांनी बघायला हवं ते क्लासच्या पुढचं आहे. नायिका कानाझावाच्या कला महाविद्यालयात जाते, तैलचित्राच्या विभागात. तिथे ओरडणारं कोणी नाही. वेळ आहे, रंग आहेत, जागा आहे, आणि ती काढतच नाही! मित्रमैत्रिणी, पार्ट्या, दिवसामागून दिवस. मियाझाकीत सरांच्या धाकाने रोज चालणारा हात तिथे थंड. सर एवढ्या लांबून तिला भेटायला जातात. तो भाग मी कॉलेजात असताना वाचला असता तर पुस्तक कपाटामागे टाकलं असतं. आमच्या वर्गात अशी निम्मी मुलं होती. सीईटीला, म्हणजे प्रवेशपरीक्षेला, पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या वर्षापासून सबमिशनच्या आदल्या रात्री जागणारी.

पदवीनंतर ती घरी परतते, कॉल सेंटरमध्ये नोकरी, उरलेल्या वेळात सरांच्या क्लासला शिकवणं, आणि रात्री लपूनछपून मंगा. सरांना ती चित्रकार व्हायला हवीय आणि हे सांगायची तिची हिंमत नाही. १९९९मध्ये मंगाकार म्हणून पदार्पण झालं. ती रात्रीची पानं कोणी मागितलेली नव्हती, लक्षात घ्या. तुमची मुलगी अभ्यासात नसलेलं, कोणी न सांगितलेलं काही काढते का? वहीच्या मागच्या पानावर, बसच्या तिकिटावर, कशावरही? काढत असेल तर निम्मी चिंता सोडा.

आता परीक्षेचं. तिकडे प्लास्टरचे पुतळे कोळशाने काढायचे असतात, खोडायला पाव वापरतात (खरंच! पावाचा मऊ भाग). आपल्याकडे सीईटीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. घोळ होतो तो स्मरणचित्रात. क्लासवाले पाटीवाली बाई, सायकलवाला, पाठमोरा म्हातारा अशा ठरावीक आकृत्या घोटून घेतात आणि भाजीबाजार असो की बसस्टँड, तीच माणसं सगळीकडे. तिला सीबीएसला, आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर, नेऊन बसवा. बसची वाट बघणारा माणूस एका पायावर भार टाकून उभा असतो, त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. हे एकदा डोळ्यांनी पकडलं की पाटीवाली बाई लागत नाही.

खडू_फळा

वरच्या ताईंशी बव्हंशी सहमत. मी निवृत्त कलाशिक्षक, एटीडी (कलाशिक्षक पदविका) केलेला. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बरीच मुलं बसवली. काठीचं समर्थन मी करणार नाही, पण त्या सरांच्या 'काढ'चं करीन. हल्ली पोरं दोन रेघा मारतात, फोटो काढतात, टाकतात, आणि लाइक मोजत बसतात. तिसरी रेघ राहूनच जाते.

ताईंनी घोटलेल्या आकृत्यांवर तोंडसुख घेतलंय, ते मात्र थोडं अति झालं. खेड्यातून आलेल्या मुलाला सुरुवातीला टेकू लागतो. पुढे तो सोडवायचा असतो, हे शिक्षकाला कळलं पाहिजे एवढंच.

सीबीएसबरोबर गोदाघाटही धरा. शिवाजी तुपे सरांची नाशिकची जलरंगातली चित्रं मुलीला मिळतील तिथे दाखवा. घाटाच्या पायऱ्या, देवळं, पाणी, सगळं आपल्या रोजच्या बघण्यातलं. मग तिला त्याच घाटावर सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा बसवा. दगड तोच, सावली हललेली. मी हे कधी फळ्यावर समजावू शकलो नाही, घाटावर मात्र आपोआप समजतं.

आणि "पुढे काय" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणारच. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके १८८५ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, मग बडोद्याचं कलाभवन. पुढे फोटोग्राफी, छपाई, आणि १९१३ला सिनेमा. सगळ्यांचं तसं होत नाही हे मलाही कळतं. माझे विद्यार्थी शाळेत शिकवतात, पॅकेजिंगची डिझाइनं करतात, एक जण मूर्तींचे साचे बनवतो. पोटापुरतं मिळतं. काहींना नाही मिळालं.

जे. जे. आता अभिमत विद्यापीठ झालंय, तिथले प्रवेशाचे नियम वेगळे तपासा.

टूलरूम_सातपूर

सगळ्यांचे आभार. धागा मुलीला वाचायला दिला. मांजराच्या वाक्याला हसली. कंबरेच्या हाडाचं वाचून आरशासमोर एका पायावर उभी राहून बघत होती.

रेघोटीताई, तुमचा प्रश्न तिला विचारला नाही, विचारलं असतं तर लगेच सावध झाली असती. तिच्या अकाउंटन्सीच्या वहीची मागची पानं उघडून पाहिली. आमचा वॉचमन आहे, शेजारच्या आजी आहेत, आणि मी आहे, पुस्तक तोंडासमोर धरून जेवताना. माझं पोट जरा जास्तच काढलंय. ताळेबंद मात्र जुळलेला नव्हता.

फाडणाऱ्या सरांचा क्लास रद्द. गंगापूर रोडला दुसरा एक आहे, रविवारी डेमो. सर कुठे बसतात ते बघणार आहे. मुलीची अट एकच, मी आत यायचं नाही आणि कोणाला लंबगोल समजावायचे नाहीत.

रेघोटी

मग बघणार कसं?

टूलरूम_सातपूर

तिलाच बघायला सांगितलंय. मी समोर टपरीवर.