फोन मास्तरच्या हातात, पोरांच्या हातात पुठ्ठा: चालेल का?

तापीकाठचा मास्तर
चोपडा तालुक्यात माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. वर्गात ६२ पोरं. जे नवं साधन हाती लागेल ते लावून बघायची खोड आहे, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. प्रत्येक पोराच्या हातात मोबाईल लागतो ते साधन आपल्याकडे बाद. भिंतीवर मोठा पडदा लागतो तेही जवळपास बाद. पत्र्याचं छप्पर, खिडक्यांना पडदे नाहीत, दुपारी प्रोजेक्टरवर काय चाललंय ते पहिल्या बाकावरच्यालाही दिसत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते, तेव्हा लाईटच नसते.

चालतं ते प्लिकर्स नावाचं ॲप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक पोराला पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक काळं-पांढरं चौकोनी चिन्ह द्यायचं. त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. प्रश्न फळ्यावर लिहायचा. जे उत्तर वाटतं ती बाजू वर येईल असा पुठ्ठा धरायचा. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते माझ्या स्क्रीनवर येतं. दर चिन्ह वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही कळत नाही. खर्च झेरॉक्सचा, पुठ्ठे जुन्या वह्यांचे.

दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना विचारलं, वस्तू चंद्रावर नेली तर काय बदलेल? त्याआधी अख्खा वर्ग माना डोलावत होता. पुठ्ठे वर झाले तर निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर, वस्तुमान आणि वजन दोन्ही. बदलतं फक्त वजन. माना बघून पुढे गेलो असतो तर हे कळलंच नसतं. गावातून वर्गणी काढून टीव्ही बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. असहमत असाल तर कारणासकट लिहा.

पाटी-पेन्सिल (अमळनेर)
असहमत. कारण एका शब्दात सांगतो: पाटी. प्रश्न विचारा, "लिहा", "पाट्या वर" म्हणा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हेच केलं. पाटीवर मला नुसतं उत्तर दिसत नाही, पोरानं हातचा कुठे सोडला, ऋण चिन्ह कुठे गिळलं तेही दिसतं. तुमचा पुठ्ठा सांगतो की पोरानं 'सी' धरलं. का धरलं? ते तो सांगत नाही. चारातलं एक तर गंमत म्हणूनही बरोबर येतं. याच गावात साने गुरुजी प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं लिहून दैनिक काढत. त्यांना कुठलं ॲप लागलं?

तापीकाठचा मास्तर
सर, गुरुजींना मध्ये आणू नका. ते आले की वाद संपतो आणि मुद्दा राहून जातो. ६२ पाट्या वर झाल्यावर तुम्ही किती वाचता, खरं सांगा. पुढच्या दोन रांगा. मागचे भिडू पुढच्याची पाटी बघून खाली पुसतात आणि लिहितात. चूक *का* झाली ते पुठ्ठा सांगत नाही हे मान्य, पण *कोणाकडे* जायचं ते सांगतो. नंतर त्याच्या वहीशी मी बसतोच की.

पाटी-पेन्सिल (अमळनेर)
मग दुखणं ६२ चं आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी ३० ला एक, सहावी ते आठवी ३५ ला एक शिक्षक लिहिलाय. नववी-दहावीला तो कायदा नाही म्हणून पोरं कोंबायची का? एक मास्तर फोन फिरवून ६२ सांभाळतो असं तुम्ही छान दाखवून दिलंत, की रिकामी जागा भरायची गरज कोणाला वाटेल? शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या पोरांना विचारा.

रावेरची केळी
पालक म्हणून बोलतो. हे सगळं गुरुजी लोकांचं गुरुजी लोकांशी भांडण चाललंय. लॉकडाऊनमध्ये "अभ्यासाला लागतो" म्हणून मोबाईल घेतला, तो परत कपाटात गेलाच नाही. 'असर' म्हणून खेड्यापाड्यातल्या शिक्षणाची पाहणी असते, तिच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांचं आहे: आठवडाभरात फोन अभ्यासासाठी वापरला असं सांगणारे ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. माझ्या घरचा आकडा याहून वाईट. पोराच्या हातात पुठ्ठा आणि फोन मास्तरकडे, हे मला पटलं. फक्त रात्री ग्रुपवर "व्हिडिओ बघून या" टाकू नका.

धुळेकर ताई
रावेरभाऊंना +१, पण मूळ धाग्यातलं "पडदा बाद" मला मान्य नाही. दहावीच्या भूमितीत अंतर्लिखित कोनाचं प्रमेय घ्या. फळ्यावर मी एक आकृती काढते, पोरं ती एकच पाठ करतात. जिओजेब्रा या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळ काढून कंसावरचा बिंदू बोटानं सरकवला की कोनाची जागा बदलते आणि माप तेच राहतं. "आँ?" असा आवाज येतो वर्गातून. त्या "आँ" नंतर सिद्धता शिकवायला वेगळीच मजा. पुस्तकातच जिओजेब्रा वापरा अशी चौकट आहे, ती किती जण उघडतात? प्रोजेक्टर लागत नाही. मी लॅपटॉप मधल्या बाकावर ठेवते, दहा-दहा जण भोवती उभे करते, बाकीचे उदाहरणं सोडवतात. नेटही लागत नाही, एकदा उतरवून घेतलं की झालं. पुठ्ठ्यानं परीक्षा होते, शिकवणं होत नाही.

तापीकाठचा मास्तर
ताई, लॅपटॉपभोवती दहा जण याला मी पडदा म्हणतच नाही. ते मला चालेल. माझा राग भिंतीवर टांगलेल्या, धूळ खाणाऱ्या आणि २६ जानेवारीला पाहुण्यांसाठी सुरू होणाऱ्या वस्तूवर आहे.

सातपुड्याखाली (धडगाव)
तुम्हा मैदानातल्यांचं बरं आहे. आमच्याकडे पुठ्ठा वाचायच्या आधी रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं. 'दीक्षा' या सरकारी ॲपचे क्यूआर कोड पुस्तकात धड्याधड्याला आहेत, पण धडा तालुक्याच्या गावी जाऊन उतरवून ठेवला तरच उपयोग.

आणि भाषा कोणी बोललंच नाही. वाचून घेणारं ते ॲप आहे ना, रीड अलाँग, पोर मोठ्यानं वाचतं आणि ॲप चूक दाखवतं. ते मराठीत आहे, आमची पोरं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात. तुमच्या जळगाव-धुळ्याच्या अहिराणी पोरांचं तरी काय वेगळं? 'फळा' ला 'फया' म्हणणाऱ्या पोरीला वाचता येत नाही असं मशीननं ठरवायचं का? वाचता येतंय, उच्चार तिच्या आईचा आहे. हे मास्तरला कळतं, मशीनला नाही.

माझं साधन सांगतो. गावातल्या म्हाताऱ्यांच्या पावरी गोष्टी साध्या फोनवर रेकॉर्ड केल्या, मेमरी कार्डात भरल्या, चार्जिंगच्या स्पीकरवर वर्गात लावतो. पोरं ऐकतात, मग तीच गोष्ट फळ्यावर आधी पावरीत, मग मराठीत लिहितो. यात नवीन तंत्रज्ञान शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण पहिलीतली पोरं बोलायला लागली.

जळगाव बीएड
सर्वांना नमस्कार, शिकाऊ आहे. चार पर्यायांचे प्रश्न बनवायला रात्र जाते, म्हणून चॅटजीपीटीला सांगते. दोन मिनिटांत वीस प्रश्न, तेही मराठीत. कोणी हे वापरतं का?

पाटी-पेन्सिल (अमळनेर)
बेटा, त्या वीसपैकी किती तपासलेस? बरोबर पर्याय सोपा असतो, खरी मेहनत चुकीच्या तिघांत असते. आणि चुकीची उत्तरं मशीनकडून कशाला मागायची? पोरांच्या वह्या भरल्यात त्यांनी. मागच्या चाचणीचा गठ्ठा काढ. (अ+ब)² ला अ²+ब² लिहिणारे डझनभर सापडतील. तोच तुझा पर्याय 'बी'.

तापीकाठचा मास्तर
हे मात्र मी उचललं, सर. म्हणजे पुठ्ठ्याचं 'का' तुम्हीच सोडवलंत. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरलेली चूक असेल, तर 'बी' धरणारा नेमका कुठे घसरला ते कळेल.

पाटी-पेन्सिल (अमळनेर)
तीन चुका तुम्ही आधी ठरवणार, पोरगा चौथी करेल. त्यासाठी पाटी लागतेच. आणि जागा भरण्याचं उत्तर अजून दिलं नाहीत.

तापीकाठचा मास्तर
त्याचं उत्तर माझ्या हातात नाही. सोमवारी वर्गात ६२ जण बसलेले असतील, ते आहे.

धुळेकर ताई
पुठ्ठे लॅमिनेट केलेत का? पावसाळ्यात दप्तरात लगदा होईल.

तापीकाठचा मास्तर
नको. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होतो आणि कॅमेऱ्याला चिन्ह ओळखता येत नाही. पुठ्ठे शाळेच्या कपाटातच ठेवतो, मॉनिटर वाटतो आणि गोळा करतो.

पाटी-पेन्सिल (अमळनेर)
पाटी चकाकत नाही. नोंद घ्यावी.